चाळीतले बिऱ्हाड

लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, भायखळा या मुंबईतील भागांना पूर्वी सगळे मिळून ‘गिरणगाव’ म्हणत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांनी त्या गिरणीतून सूत निघू लागले. पुढे एकामागून एक धुराडी आकाशात उठली. गिरण्यांना माणसे हवी होती. कोकणात माणसे होती, पण त्यांना वर्षभर पुरेल एवढे धान्य नव्हते. डोंगरउतारावरची तुकड्यातुकड्यांची शेती, मधूनमधून उघडा कातळ, आणि चार महिने धो धो कोसळून समुद्राला जाऊन मिळणारा पाऊस! दिवाळीच्या सुमारास भात घरात येई आणि शिमगा उलटला की कणगीचा तळ दिसू लागे. मग घरातील एक धडधाकट माणूस वळकटी बांधून मुंबईची वाट धरी. घाटावरच्या सातारा-पुण्याकडूनही अशीच माणसे आली.

आधी आले ते एकटे पुरुष. एका गावच्या पंधरा-वीस जणांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, भिंतीकडेने प्रत्येकाची पत्र्याची पेटी मांडायची, आणि पाळीप्रमाणे झोपायचे, असा तो संसार. सकाळच्या पाळीचे लोक उठून गेले की रात्रपाळीचे लोक त्यांच्याच जागेवर अंग टाकीत. जेवण एखाद्या बाईच्या खाणावळीत. दर महिन्याला गावी मनिऑर्डर जाई आणि तिच्या खालच्या चिटोऱ्यावर चार ओळी लिहिलेल्या असत. गावातील लोक अशा माणसाला ‘चाकरमानी’ म्हणत.

बायकामुले मुंबईस आली ती बहुधा पुष्कळ नंतर, आणि सगळ्यांची आलीही नाहीत. आमची आजी आली १९४८ साली, दिवाळीनंतर. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत, म्हणून दिवाळीनंतर. आदल्याच वर्षी, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली होती. ती धास्ती गावोगाव ताजी होती. आजीच्या सासूने तिला पडावात बसवताना नारळ समुद्राला वाहिला. किनाऱ्यापासून आत उभ्या असलेल्या बोटीवर चढताना आजीच्या कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता, हाताशी पाच वर्षांची मुलगी होती, आणि डोक्यावरच्या बोचक्यात तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुके बोंबील आणि एक पाटा होता. पाटा मुंबईत मिळतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी तिने आणला नसता असे नाही.

लालबागच्या चाळीतली ती खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब होती. त्या काळी चाळीतल्या खोल्या साधारण अशाच असत. सरकारने १९२० नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतही एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांचीच होती. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी. वर लाकडी पोटमाळा. बाहेर सगळ्या मजल्याला पुरणारी लांब गॅलरी, तिच्या एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला सर्वांचे मिळून चार संडास.

या एवढ्या जागेत पुढील बारा वर्षांत अकरा माणसे झाली. आजी-आजोबा, त्यांची आठ मुले आणि आजोबांचा धाकटा भाऊ. एखादा गाववाला नोकरी शोधायला आला की तोही महिना-दोन महिने इथेच राही. त्याला नाही म्हणण्याची रीत नव्हती, कारण आजोबाही पहिल्यांदा आले तेव्हा कोणाच्या तरी खोलीतच उतरले होते.

अकरा माणसे बारा फुटांत राहत कशी, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. उत्तर असे की, ती सगळी एकाच वेळी घरात कधी नसतच. गिरणीच्या तीन पाळ्या असत. सकाळी सात ते दुपारी साडेतीन ही पहिली. तेथून मध्यरात्रीपर्यंत दुसरी. आणि मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत तिसरी. आजोबा मागावर काम करीत आणि त्यांच्या पाळ्या बदलत. ते तिसऱ्या पाळीवर असले की दिवसा पोटमाळ्यावर निजत, आणि खाली आजी मुलांना खुणेनेच बोलायला लावी. भांडे हातातून पडले की सगळ्यांचे डोळे आधी वर जात. मोठी मुले दुपारभर चाळीच्या जिन्यात बसून अभ्यास करीत. रात्री थोरला मुलगा, काका आणि पाहुणा असे तिघे गॅलरीत पथारी टाकीत. कपड्यांच्या वळकट्या दिवसा भिंतीला टेकून ठेवल्या की त्याच बैठकीचे लोड होत.

खरी पंचाईत पावसाळ्यात होई. पावसाची झड गॅलरीत आली की बाहेरची तिन्ही माणसे आत येत. अशा वेळी मोरीच्या कट्ट्यालाही पाय लावून झोपावे लागे आणि रात्री कोणी उठले तर दिवा लावल्यावाचून पाय टाकता येत नसे. ओले कपडे वाळत घालायला जागा नसे. आजी शेगडीवर उलटी टोपली ठेवून तिच्यावर लंगोट सुकवी. धुराचा तो वास पुढे तिच्या मुलांना म्हातारपणीही पहिल्या पावसाबरोबर आठवत असे.

दिवस सुरू होई तो पाण्याने. नळाला पाणी पहाटे साडेचारच्या सुमारास येई आणि दोन तासांनी जाई. त्या दोन तासांत मजल्यावरच्या वीस बिऱ्हाडांना भरून घ्यायचे असे. बायका रात्रीच आपापला हंडा किंवा कळशी ओळीने लावून ठेवीत आणि त्या ओळीवरून भांडणेही होत. आजी चारला उठे. आधी पिण्याचे दोन हंडे, मग तांब्याचे मोठे पिंप, मग बादल्या. पिंप भरले म्हणजे दिवस हाती आला, असे ती म्हणे. अकरा माणसांच्या आंघोळी त्यात बसवायच्या म्हणजे प्रत्येकाला दीड बादली. धाकट्यांना दोघांत मिळून एक. आंघोळीच्या वेळी मोरीपुढे जुने लुगडे पडद्यासारखे बांधीत. साडेसहाला गिरणीचा भोंगा होई तेव्हा आजोबांच्या डब्यात भाकरी, कोरडी भाजी आणि कांदा भरलेला असे. घड्याळ घरात नव्हते, भोंगा होता.

स्वयंपाक वातीच्या स्टोव्हवर आणि कोळशाच्या शेगडीवर. घासलेट आणि धान्य शिधापत्रिकेवर मिळे. मुंबईत धान्याचे रेशनिंग दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली सुरू झाले होते आणि त्याच्या रांगा पुढे अनेक वर्षे राहिल्या. रांगेत उभे राहण्याचे काम थोरल्या मुलीकडे. कोकणातल्या माणसाला भात लागतो, पण रेशनवर मिळे तो तांदूळ आठ-दहा दिवसांत संपे. म्हणून सकाळी भाकरी, रात्री भात, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पेज, असा क्रम आपोआप ठरला. कुळथाच्या पिठीला फार थोडे पीठ लागते आणि ती भातावर चांगली पसरते, म्हणून ती आठवड्यातून तीनदा होई. गावाहून कोणी येणार असे कळले की मुले दिवस मोजीत, कारण येणाऱ्याच्या बोचक्यात फणसाचे तळलेले गरे, काजू आणि आंबोशी असे. आजी ते डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवी. फळी उंच होती. मुले जास्त उंच झाली, तेव्हा डबा पोटमाळ्यावर गेला.

त्या काळच्या काही आया स्वतःही गिरणीत जात, हे येथे सांगितले पाहिजे. तान्हे मूल घरी ठेवून दहा-दहा तास काम करणाऱ्या बाईपुढे मोठा पेच असे. पूर्वी कित्येक आया नाइलाजाने मुलाला अफू घातलेली बारीक गोळी देत. तिला ‘बाळगोळी’ म्हणत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि हळूहळू खंगत जाई. १९२९ साली मुंबई प्रांतात स्त्री कामगारांना बाळंतपणाच्या काळात सुट्टी व पैसे देणारा कायदा झाला. आणि १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने, जेथे पन्नासहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे पाळणाघर ठेवणे बंधनकारक झाले. आजीच्या शेजारची मावशी अशा पाळणाघरात आपले मूल ठेवी. परत येताना ती मुलाच्या अंगाचा वास घेई. साबणाचा वास आला म्हणजे न्हाऊ घातले आहे, एवढी तिची खात्री होई.

शेजाराशिवाय एवढे मोठे कुटुंब उभे राहणेच शक्य नव्हते. १९५६ साली आजीच्या तिसऱ्या मुलाला घटसर्प झाला. घशात पडदा धरून श्वास कोंडतो असा हा रोग, आणि एकाचा दुसऱ्याला लागतो. आजोबा गिरणीत होते. शेजारच्या काकांनी मुलाला खांद्यावर घेतले आणि साथीच्या रोगांसाठी असलेल्या कस्तुरबा रुग्णालयाकडे धाव घेतली. आजी मागून गेली. इकडे घरात आणखी पाच मुले होती आणि ती सगळी त्याच एका खोलीतली हवा घेत होती. मजल्यावरच्या बायका दारात जमल्या. घाबरून दारे लावून घेतली असती तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. प्रत्येकीच्या घरी लहान मुले होतीच. एक क्षण कोणी बोलले नाही. मग कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी पुढे झाली आणि म्हणाली, “माझ्याकडे लहान कोणी नाही. पाचही जणांना माझ्याकडे आणा.”

अकरा दिवस ती मुले तिच्याकडे राहिली. बाकीच्या बायका भाकऱ्या आणून उंबऱ्याबाहेर ठेवीत. महानगरपालिकेची माणसे येऊन खोली औषधाने धुऊन गेली. आजी दिवसभर रुग्णालयाच्या आवारात बसून राही. बाराव्या दिवशी मुलगा घरी आला. हा मुलगा म्हणजे माझे वडील. त्यांचा आवाज मात्र कायमचा किंचित घोगरा राहिला.

आता शाळेविषयी. महानगरपालिकेची शाळा जवळ होती, फी नव्हती, आणि मुले एकापाठोपाठ एक तिथे जाऊ लागली. पुस्तके थोरल्याकडून धाकट्याकडे येत, तशीच सदरे-चड्ड्याही. चौथ्या मुलापर्यंत येईतो सदऱ्याचा मूळ रंग कोणता, हे आजीलाच ठाऊक असे. थोरली मुलगी हुशार होती. तिचे अक्षर रेखीव होते. सासूसासऱ्यांना गावी जाणारी पोस्टकार्डे तीच लिही, कारण आजीला लिहिता येत नव्हते. परंतु १९५४ साली, चौथी झाल्यावर, तिची शाळा थांबली. धाकटी भावंडे सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. ती थांबली म्हणून भाऊ शिकले, हे खरे. पण यात न्याय झाला असे मला वाटत नाही, आणि पुढे आजीलाही वाटत नसे. आत्या मात्र भावांची पुस्तके, ती धाकट्याकडे जाण्याआधी, रात्री गॅलरीतल्या दिव्याखाली वाचून काढी.

पाच वर्षांनी तसाच प्रसंग थोरल्या मुलावर आला. तो चौदा वर्षांचा झाला होता आणि सातवी पास झाला होता. त्याच सुमारास आजोबांच्या भावाचे लग्न होऊन त्यांनी वेगळे बिऱ्हाड केले. त्यांच्या पगारातून येणारी रक्कम थांबली. आठवे मूल होणार होते. वाण्याच्या वहीतली उधारी दोन महिन्यांची झाली होती. आजोबांच्या ओळखीचा एक जॉबर होता. जॉबर म्हणजे गिरणीत कामगार लावून देणारा मुकादम. मुलाला लवकर चिकटवून ठेवले तर पुढे त्याला बदलीचा पास मिळेल, असे आजोबांच्या मनात होते. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा, आणि कोणी गैरहजर असेल तरच त्या दिवशी काम मिळायचे.

“फाटकावर तुम्ही सहा वर्षे उभे राहिलात,” आजी म्हणाली. “त्याला नको उभा करू.”

“मग खायचे काय?” आजोबांनी विचारले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते खरेच विचारीत होते.

आजीने उत्तर दिले नाही. पण पुढच्या पगाराला तिने वाण्याकडून आणखी एक पोते ज्वारी आणवली, आणि गावच्या खोलीतल्या सहा माणसांना निरोप पाठवला की, महिन्याच्या बोलीवर जेवायला या. अशा रीतीने त्या खोलीत खाणावळ सुरू झाली.

खाणावळ म्हणजे काय, हे कष्टाच्या हिशोबाने पाहा. घरच्या माणसांत आणखी सहा. दोन वेळच्या मिळून सत्तर-ऐंशी भाकऱ्या. पाण्याचे आणखी दोन हंडे. भाकरी थापायला आजी पहाटे तीनला उठू लागली आणि आत्या तिच्या शेजारी बसू लागली. जेवणारे दोन पंगतींत बसत. तेवढा वेळ मुले गॅलरीत. रविवारी मटण किंवा ताजी मासळी. कोणी एखादा दिवस जेवला नाही तर त्याला ‘खाडा’ म्हणत आणि महिन्याच्या हिशोबातून तेवढे वजा होई. हे खाडे आत्या एका वहीत लिहून ठेवी. तिच्या चार इयत्तांच्या शिक्षणावर ती खाणावळ चालत होती. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि त्यांना बँकांकडून कर्ज मिळण्याची वाट मोकळी करून दिली. त्याआधी अशा बाईला कर्ज देई तो सावकार, आणि त्याच्या व्याजाने कंबर मोडे.

थोरले काका मॅट्रिक झाले आणि टपाल खात्यात लागले. धाकटे एक काका मात्र गिरणीतच गेले. आत्याचे लग्न १९६३ साली झाले, आणि वही सगळ्यांत धाकट्या आत्याच्या हाती येईपर्यंत मधली भावंडे आळीपाळीने ती लिहीत. त्या पानांवर अक्षर सारखे बदलत जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. भोंगे थांबले. पहिले काही महिने लोकांना वाटे की, आज-उद्या मिटेल. मग घरातील भांडी विकली जाऊ लागली. पुष्कळांनी बायकामुले गावी धाडली. म्हणजे ज्या वाटेने आजी आली होती, त्याच वाटेने हजारो कुटुंबे परत गेली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उघडल्या नाहीत. पुढे त्यांच्या जागांवर काचेच्या इमारती आणि मोठमोठी दुकाने उभी राहिली. २०२५ साली वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या काही कुटुंबांना नव्या उंच इमारतींत घरे मिळाली.

संपाच्या वेळी आजीकडे अकरा माणसे जेवत होती. पगार नाही, म्हणजे खाणावळीचे पैसे नाहीत. आजोबा निवृत्त झालेले. एक मुलगा संपात. आजीने सहा महिने कोणाचेही ताट बंद केले नाही. फक्त रविवारची मासळी बंद झाली, दोन्ही वेळा पिठी-भात आला, आणि पुढे एकच वेळ झाली. सातव्या महिन्यात वाण्यानेच हात जोडले. तेव्हा तिने त्या अकरा जणांना बसवून सांगितले, “आता माझ्याच्याने होत नाही. गावी जा. वही इथेच आहे.”

त्यांतील सात जणांनी पुढील काही वर्षांत पैसे आणून दिले. कोणी एकदम, कोणी थोडे थोडे. एकाने पैशांऐवजी दोन मण तांदूळ मुलाबरोबर पाठवले. दोघांचा पत्ता लागला नाही. अकराव्याच्या नावापुढे काहीच लिहिलेले नाही. तो गावी परतल्यावर वर्षभरात वारला, असे कळले होते, आणि त्याची बायको एकदा मुंबईस आली तेव्हा आजीने तिला दोन दिवस ठेवून घेतले आणि निघताना बसच्या भाड्याचे पैसे दिले. ते पैसे मात्र तिने वहीत लिहू दिले नाहीत.